दोन लिटरची निष्ठा

कूपन पत्त्याएवढं असतं. कागद पिवळा नाहीतर गुलाबी, कोपऱ्यात गोल शिक्का, शिक्क्यावर घाईत ओढलेली सही आणि मधे चार ओळी. दोन लिटर पेट्रोल. एक गाडी, एक कूपन. रोख रक्कम मिळणार नाही. फक्त आजच्या दिवसासाठी.

या चौथ्या ओळीला दाद द्यायला हवी. निष्ठेची मुदत इतक्या प्रामाणिकपणे छापलेला दुसरा कागद महाराष्ट्रात सापडायचा नाही. जाहीरनामा पाच वर्षांच्या बाता मारतो, भाषण पिढ्यान् पिढ्यांच्या. कूपन संध्याकाळपर्यंतच बांधील असतं आणि तसं आधीच सांगून टाकतं.

तर सभा नगरला, म्हणजे अहिल्यानगरला आहे, आणि तिकडे घोडेगावातून मोटारसायकल रॅली निघायची आहे. सभा कोणाची, कशासाठी, हे विचारायचं नसतं. कोणी विचारलंच तर पोरं एकमेकांची तोंडं बघतात आणि त्यातलं एखादं चलाख पोरगं गळ्यातलं उपरणं सुलटं करून त्यावरचं नाव वाचून सांगतं.

जमायची वेळ सकाळी आठ, म्हणजे साडेदहा. जागा अर्थातच फाटा. इथून एक रस्ता शनिशिंगणापूरला आत वळतो, दुसरा हा नगर–छत्रपती संभाजीनगर महामार्ग. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, कांद्याच्या गोण्या लादलेल्या पिकअप, रसवंत्या, फुलवाले, सगळे इथेच. शनिअमावास्येला याच फाट्यावरून लाखो भाविक आत जातात. पार मुंबईहून, मराठवाड्यातून येतात, मोटारसायकलींचे जथेच्या जथे येतात आणि पदरचं पेट्रोल जाळून येतात. देवाने आजवर कूपन काढल्याचं ऐकिवात नाही. आणि दर्शन झालं की किती आले होते हे सांगायला देव पत्रकार परिषदही घेत नाही.

रॅलीला मात्र कूपन लागतं, आणि कूपन वाटायला एक आप्पा लागतो. आप्पा गावोगाव असतात, वाचकांनी आपापला आठवावा. पांढरा शर्ट, वरच्या खिशात दोन पेनं, पँटच्या खिशात रबर लावलेला कूपनांचा गठ्ठा. गठ्ठा एकदम बाहेर काढायचा नाही, हा पहिला नियम. खिशातल्या खिशात अंगठ्याने एकेक कूपन सुटं करायचं आणि हातात ठेवताना चेहऱ्यावर असा भाव आणायचा, की हे आप्पांच्या सातबाऱ्यातून तोडून दिलं आहे.

“आप्पा, अजून एक द्या की. मागून दाजी येऊ राहिले.”

“दाजीची गाडी कोणती?”

“आली की बघाल ना.”

दाजी येत नाहीत. दाजींची गाडी येत नाही. दाजींचं कूपन मात्र जातं. पुढच्या अर्ध्या तासात मामा, मेहुणे आणि पुण्याहून खास रॅलीसाठी निघालेले तीन चुलते अशी सगळी सोयरीक आप्पांच्या कानावर पडते. एवढी माणसं लग्नाला आली असती तर पंगती वाढवाव्या लागल्या असत्या.

‘एक गाडी, एक कूपन’ या नियमाची अंमलबजावणी बघण्यासारखी असते. नियमात गाडी म्हटलंय, गाडी चालू असावी असं म्हटलेलं नाही. त्यामुळे वर्षभर गोठ्याच्या भिंतीला टेकवलेल्या गाड्या त्या दिवशी बाहेर निघतात. एकीला प्लग नाही, एकीची चेन गायब, एकीच्या सीटवर कोंबडी बसत होती ती नुकतीच उठवली आहे. दोघं मिळून ढकलत ढकलत गाडी पंपावर आणतात, टाकीत दोन लिटर घेतात, ढकलत ढकलत घरी नेतात आणि नळी लावून चालू गाडीत ओढून घेतात. जुनाट लूनाही येते. तिला दोन लिटर पचत नाहीत, तरी हक्क तो हक्क. आणि अलीकडे एक बॅटरीवरची स्कूटर येते. तिच्या मालकाचा युक्तिवाद बिनतोड असतो. कूपनावर कुठे लिहिलंय की पेट्रोल याच गाडीत घालायचं? आप्पा दोन मिनिटं विचार करतात, गाडीकडे बघतात, तिच्यावर बांधलेल्या झेंड्याकडे बघतात आणि कूपन देतात. पोरगं झेंड्याखालून कॅन काढतं. इथून पाच-सहा किलोमीटरवर शिंगणापुरात घरांना दारं-कुलपं न लावायची रीत आहे. फाट्यावर मात्र रॅलीच्या दिवशी जो पेट्रोलच्या टाकीला कुलूप न लावता चहाला जाईल, त्याने येताना गाडी ढकलायची तयारी ठेवावी.

रोख मिळणार नाही, ही ओळही तशीच. घोडेगाव हे बाजाराचं गाव. शुक्रवारचा इथला जनावरांचा बाजार, त्यातही म्हशींचा, दूरदूरच्या तालुक्यांना माहीत आहे. जिथे दोन व्यापारी रुमालाखाली बोटं धरून लाखाची म्हैस बोलीशिवाय विकतात, त्या गावाला गुलाबी कागदाचे पैसे कसे करायचे हे शिकवायला नको. नऊ वाजता ज्याला ‘दीडशेला दे’ म्हणायचं धाडस होत नाही, त्याला बारा वाजता तेच कूपन शंभराला कोणीतरी हातात कोंबतं. कारण चौथी ओळ. माल नाशवंत आहे.

आता हिशेब. पेट्रोल लिटरला १०४ रुपये धरलं तर दोन लिटरचे २०८ झाले. एका दिवसाचे २०८. रोजगार हमी ही योजना महाराष्ट्राने देशाला दिली, १९७२ च्या दुष्काळात ती इथे उभी राहिली. तिचा राज्यातला दर २०२५-२६ साली दिवसाला ३१२ रुपये होता. म्हणजे खड्डा खणला तर ३१२ आणि घोषणा दिल्या तर २०८. शिवाय खड्ड्यावर पाण्याची आणि सावलीची सोय कायद्याने करावी लागते. सभेत सावली फक्त व्यासपीठावर असते.

त्यातही ते दोन लिटर नीट बघायला हवेत. हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. म्हणजे दोन लिटरमध्ये चारशे मिली. उसाच्या रसापासून थेट काढलं तर टनाला साधारण ७० लिटर इथेनॉल पडतं, त्या हिशेबाने चारशे मिली म्हणजे जेमतेम सहा किलो ऊस. नेवासे तालुक्यातल्या पोराच्या बापाने लावलेला, तोडणी टोळीची वाट बघत महिनाभर वाळवलेला, काट्यावर वजनाची धाकधूक सोसून घातलेला ऊस. २०२५-२६ च्या ३५५ रुपये क्विंटल या दराने सहा किलोंचे एकवीस रुपये होतात. तर कूपनातले एकवीस रुपये मुळात घरचेच. ते टाकीतून फिरून परत आले आणि बदल्यात पोराचा दिवस घेऊन गेले.

उरलेल्या पैशांचं काय, ते कोण भरतं? इथे कूपनाची खरी कला दिसते. शिक्का आहे पण वाचता येत नाही. सही आहे पण नाव नाही. चिन्ह नाही, फोटो नाही. ज्या गावात दहावीच्या निकालाच्या फ्लेक्सवरही अकरा मान्यवरांचे फोटो असतात, तिथे दोन लिटर पेट्रोल फुकट देणारा दाता इतका लाजाळू का, असं भाबड्या माणसाला वाटेल. विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख रुपये आहे. पाच हजार गाड्यांची रॅली म्हणजे १० लाख ४० हजारांचं पेट्रोल. अशा चार रॅल्या झाल्या की मर्यादा ओलांडली, आणि अजून मंडप, जेवणं, फटाके, ढोल, गाणी, उपरणी काही झालेलं नाही. म्हणून कूपन अनाथ असतं. ते ‘हितचिंतकांनी’ दिलेलं असतं. मतदानाच्या आधी ७२ तास मोटारसायकल रॅली काढायची नाही, असा आदेश २०२१ मध्ये निघाला, तेव्हा पोरं रॅली न काढता एकाच वेळी, एकाच रस्त्याने, एकाच रंगाची उपरणी घालून योगायोगाने मावशीकडे निघाली असतील तर त्यांना कोण काय म्हणणार?

पंपावर या, म्हणजे हसू थांबतं. दोन रांगा असतात. एक कूपनवाल्यांची, ती रांग नसतेच, तो घोळका असतो. दुसरी पैसेवाल्यांची. पैसेवाल्यांच्या रांगेत दूधवाला उभा असतो. मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी दोन-दोन कॅन टांगलेले, झाकणाखाली ओला फडका. त्याने वस्तीवस्तीवरून पहाटे दूध गोळा केलंय, संकलन केंद्राची वेळ ठरलेली आहे, आणि केंद्रावरचं यंत्र कोणाचं ऐकत नाही. दूध नासलं की परत. तो खिशातून स्वतःच्या शंभराच्या नोटा काढून उभा आहे आणि पंपावरचा पोऱ्या त्याच्याकडे न बघता सांगतो, “थांबा मामा, आधी कूपनवाले.” फुकट घेणारा आधी आणि रोख देणारा नंतर, हा कुठला धंदा? हा कोणत्या शास्त्रात बसतो? कूपनाचं बिल महिन्याने की सहा महिन्यांनी मिळणार, की पुढच्या निवडणुकीत मिळणार, हे पंपवाल्यालाही माहीत नाही. त्याला एवढंच माहीत आहे की घोळक्याला नाही म्हटलं तर काच फुटेल आणि दूधवाल्याला थांबवलं तर फक्त दूध नासेल. आपल्याकडे कोणाला थांबवायचं हे असंच ठरतं. जो दगड मारणार नाही, त्याला थांबवायचं. पंपच कशाला, इस्पितळ, तहसील, टोलनाका, कुठेही बघा. रांगेत सभ्यपणे उभं राहणारा माणूस हाच या राज्यातला सगळ्यात सोपा अडथळा झालाय, आणि त्याचा दोष इतकाच की तो गळ्यात उपरणं न घालता घराबाहेर पडला.

असो. रॅली निघते.

घोडेगाव ते नगर अंतर पस्तीसेक किलोमीटर. शंभर सीसीची चांगली गाडी मोकळ्या रस्त्यावर लिटरला साठाच्या आसपास देते, म्हणजे जाऊन-येऊन सव्वा लिटर, पाऊण लिटर नफा. याच नफ्यावर पोरं निघालेली असतात. पण रॅलीतली गाडी चालत नाही, ती रेटली जाते. पहिला गिअर, दुसरा गिअर, क्लच, ब्रेक, जागेवर उभं राहून रेस. पांढरीपुलाला पहिला सत्कार. तिथे जेसीबीच्या बकेटमधून फुलं उधळतात. माती उकरायच्या यंत्रातून झेंडूच्या पाकळ्या पाडण्याचा शोध ज्याने लावला त्याला पेटंट मिळायला हवं होतं. पुढे क्रेनला टांगलेला हार. हार इतका मोठा की नेत्याच्या गळ्यात पडत नाही, नेत्यालाच हारात उभं करावं लागतं. हार खाली येईतो मागे दीड किलोमीटर गाड्या रेस करत उभ्या. कूपनातलं पहिलं लिटर इथेच संपतं, बरंचसं जागेवर उभ्या-उभ्या. मग इमामपूरचा घाट, जेऊरला सत्कार, शेंडीला सत्कार. नगरमध्ये शिरेपर्यंत काटा लाल खुणेवर. परतीचं पेट्रोल स्वतःच्या पैशाने. रोजगार हमीला न जाता २०८ रुपये कमवायला गेलेलं पोरगं शंभर रुपये पदरचे घालून घरी येतं आणि आईला सांगतं, ‘फुकटात जाऊन आलो.’

मैदानावर वेगळाच चमत्कार घडतो. सभा पाच लाखांची असते. ती कायम पाच लाखांचीच असते, मैदान केवढंही असो. गर्दी मोजायची एक सोपी रीत १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या एका पत्रकारितेच्या प्राध्यापकाने बसवली. सैल गर्दीत माणसाला दहा चौरस फूट लागतात, दाटीवाटीत साडेचार. शेतकऱ्याने हे गुंठ्यात करावं. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजे दाटून भरला तरी २४२ माणसं. एकराला ९,६८०. दहा एकरांचं मैदान कोपऱ्यापर्यंत खचाखच भरलं, मंडपाचे खांब आणि व्यासपीठ हवेत तरंगलं, तरी ९७ हजारांच्या आत. पाच लाखांना बावन्न एकर हवेत. उभ्या कांद्याकडे बांधावरून बघून किती गोणी निघतील हे सांगणारी माणसं घोडेगावात आहेत, त्यांना एकदा मैदान दाखवावं. पण त्यांना कोणी विचारत नाही, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात पाच लाख छापून येतात. विरोधकांच्या मते ती सभा पाच हजारांची असते. दोन्ही आकडे मोजलेले नसतात, फक्त पाच तेवढा दोघांना मान्य असतो.

त्यात गाड्यांचा हिशेब कोणीच करत नाही. बांधकामाच्या नियमांत एका दुचाकीला दोन चौरस मीटर धरतात, म्हणजे एकवीस-बावीस चौरस फूट. गुंठ्यात पन्नास गाड्या, तेही मधे वाट न ठेवता. एका गाडीवर दोघं आले तर दाटीत त्या दोघांना मिळून लागतात नऊ फूट आणि त्यांच्या गाडीला दुपटीहून जास्त. म्हणजे सभेला खरी गर्दी मोटारसायकलींची असते, माणसं त्यांच्या सोबतीला आलेली असतात. म्हणून निम्मी पोरं मैदानात पोचतच नाहीत. गाडी सोडली तर पेट्रोल जातं, पेट्रोल राखलं तर भाषण जातं. पोरं निर्णय घ्यायला वेळ लावत नाहीत. भाषण चालू असताना ती बाहेर सीटवर आडवी पडून मोबाइलवर तेच भाषण थेट बघत असतात. तेही पहिली चार मिनिटं, मग क्रिकेट.

परतीचा प्रवास मात्र कोणी थेट दाखवत नाही. जाताना रॅली असते, येताना नुसत्या गाड्या असतात. पुढे पोलिसांची गाडी नाही, मागे रुग्णवाहिका नाही, आप्पा कधीच दुसऱ्या कोणाच्या गाडीत एसीत बसून निघून गेलेले. अंधार पडलेला, दिवसभर ऊन खाल्लेलं, पोटात वडापाव, एका गाडीवर तिघं. कायद्याने मागे एकच बसतो, तिघं बसले तर हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन बंद. हेल्मेट नसेल तरी २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे तेच. सकाळी हेच तिघं पोलिसांसमोरून घोषणा देत गेले तेव्हा दंडाची मशीन कोणाच्या खिशात होती? झेंड्याच्या काठीला डोकं झाकायची ताकद असते काय? राज्यात २०१६ साली ‘हेल्मेट नसेल तर पेट्रोल नाही’ अशी घोषणा झाली होती, ती पंपावर पोचेपर्यंतच गुंडाळली गेली. त्याच पंपावर आज हेल्मेट नसलेल्याला पेट्रोल मिळतं, तेही फुकट आणि आधी. २०२२ या एका वर्षात हेल्मेट न घातलेली ५०,०२९ माणसं देशाच्या रस्त्यांवर मेली. हा सरकारी आकडा आहे, सभेचा नाही. हा कोणी फुगवलेला नाही आणि याला कोणी हारही घातलेला नाही.

घाटातल्या वळणावर पुढे उसाची ट्रॉली असते. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, बाहेर आलेली वाढ्यांची टोकं अंधारात दिसत नाहीत. पोरगं आदळलं तर त्याला उचलतो तो मागून येणारा कांद्याचा पिकअपवाला. घरी फोन जातो तो सोबतच्या पोराचा, रडत रडत. इस्पितळात अनामत भरतो तो बाप, सोनं गहाण टाकून नाहीतर म्हैस विकून. आणि दुसऱ्या दिवशी विचारायला गेलं तर उत्तर तयार असतं: पोरगं आमच्या रॅलीतलं नव्हतं. ते सभेनंतर स्वतःच्या कामाने चाललं होतं. बरोबरच आहे. कूपन फक्त त्या दिवसासाठी होतं, आणि अपघात झाला तेव्हा बारा वाजून गेले होते!

रॅल्या बंद करा, असं या सदराचं म्हणणं नाही. ते कोणी ऐकणार नाही आणि पोरांनाही वर्षातून एक दिवस घाट चढायची हौस असतेच. आप्पांना एवढंच सांगणं आहे. कूपनाची मागची बाजू कोरी असते. पुढच्या वेळी छापखान्यात जाल तेव्हा तिथे एक मोबाइल नंबर छापून घ्या. रात्री साडेबाराला लागणारा, इमामपूर घाटातून कोणी लावला तर उचलला जाणारा. नाव नका छापू, नंबर पुरेल.